आऊसाहेबांची थंड गाडी

आमच्या आऊसाहेब माणसाला पहिल्या भेटीतच त्याचं वैगुण्य सांगून मोकळ्या होत. लग्न करून मी बेळगावहून बंगळूरला आले आणि चामराजपेठेतल्या त्या घराचा उंबरा ओलांडला, तेव्हा सासूबाईंनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, बाजारात वांगं बघावं तशी डावीउजवीकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "दात बरे आहेत. बाकीच्याची सवय होईल." घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला आपापल्या वेळचं वाक्य आठवलं असणार. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी आरशात दात बघितले. खरंच बरे होते.

पुढे कळलं की ही माझ्यावरची खास मेहेरबानी नव्हती. त्यांच्या दम्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या पडद्याआडून म्हणाल्या होत्या, "तुमचं औषध गुणाचं आहे हो. मी मरत नाही आणि बरीही होत नाही, तुमचं येणं-जाणं चालू राहतं." त्यांचे एक चुलत दीर मुलगा बी. ए. झाल्याचे पेढे घेऊन आले, तर पेढा तोंडात टाकून आऊसाहेबांनी विचारलं, "छान झालं. आता तोतरेपणा जाईल का?" दीर पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून निघून गेले. आऊसाहेबांनी तो आम्हा सगळ्यांना वाटला आणि खवा आंबट असल्याचंही सांगितलं.

त्या घरात गोषा होता. घरच्या बायकांनी परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. व्हरांड्यावर बांबूच्या काड्यांचा चिक सोडलेला असे आणि त्याच्याआडून आम्ही जे दिसेल ते बघायचं. माझं लग्न झालं तेव्हा साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बंगळुरातल्या बाकीच्या मराठा घरांतल्या मुली तोवर कॉलेजात जायला लागल्या होत्या, सुना बसनं शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन भाजी आणत होत्या. आमच्याकडे मात्र मामासाहेब होते.

मामासाहेब म्हणजे माझे सासरे. उंच, गोरे, अतिशय मृदू बोलणारे. बायकोलाही 'आपण' म्हणत. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. तशी गरजच पडत नसे. आऊसाहेबांचा क्रूरपणा तोंडावर यायचा आणि तिथंच संपायचा. मामासाहेबांचा सावकाश यायचा, आणि आला हे कळेपर्यंत काम झालेलं असे. बाहेरचे लोक म्हणत, असा देवमाणूस आणि बायको बघा कसली तोंडाळ! मीही पहिलं वर्षभर तसंच म्हणत होते.

आऊसाहेबांची दुसरी एक खोड होती. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मोलकरणीनं भाजी ताजी आहे म्हटलं की जुडी आत मागवायच्या. कुणाची सून सुंदर आहे असं कानावर आलं की, "मी बघितल्यावर ठरेल," म्हणायच्या. "सांगितलेलं कळतं, पण दिसत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. उभा जन्म चिकाआड काढलेल्या बाईला बघण्याची ही एवढी हाव होती. पुढचं सगळं त्या हावेपायीच झालं.

त्यांना एकच मुलगी, ताईसाहेब. तिला शाळेत पाठवलं नाही. इंग्रजी शिकवायला घरी मास्तर येत. कन्नड माणूस, गरीब, आवाज गोड. मध्ये जाड पडदा. वर्षभर मास्तर पडद्याच्या त्या बाजूला कविता वाचत होते आणि ताईसाहेब या बाजूला ऐकत होत्या. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि एके दिवशी ताईसाहेब पडदा बाजूला करून त्यांच्याबरोबर निघून गेल्या. मामासाहेबांनी आंघोळ केली, मेलेल्याच्या नावानं करतात तशी, आणि जेवायला बसले. आऊसाहेब म्हणाल्या, "आवाजावर भाळली. आधी तोंड बघितलं असतं तर वाचली असती." मग त्याही जेवायला बसल्या. मला वाटलं, काय ही माणसं!

ताईसाहेबांनी बसवनगुडीत बिऱ्हाड केलं, आमच्या घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. त्यांचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. पण मागच्या दाराशी फुलं घालायला येणारी हूवक्का त्यांच्याकडेही फुलं घालायची, आणि मामासाहेबांचा कायदा मागच्या दारापर्यंत पोचत नसे. तिच्याकडूनच आम्हाला कळलं की ताईसाहेबांना मुलगा झाला. "पोर म्हणजे चिन्न आहे, अक्का! सोनं बघा, सोनं!" आऊसाहेबांनी माळेतली कोमेजलेली फुलं वेचून तिच्या अंगावर टाकली. "हिला काय विचारता? ही फुलं विकते. हिला सगळंच टवटवीत दिसतं." ती गेल्यावर मात्र तशाच उंबऱ्यावर बसून त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, मला ते पोर बघायचंय."

हे कसं घडावं? घराबाहेर पडणं म्हणजे शुक्रवारी बनशंकरीच्या देवीला जाणं, तेवढंच. रस्ता बसवनगुडीवरूनच जात होता. ताईसाहेबांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून आमची गाडी कितीदा गेली होती. पण गाडीला पडदे होते. वाऱ्यानं एकदा पडदा उडाला, तर दुसऱ्या दिवशी मामासाहेबांनी सगळ्या पडद्यांच्या खालच्या काठांत शिशाच्या गोळ्या शिवून घेतल्या.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. मामासाहेबांचं प्रेम कुणाच्या वाट्याला आलं असेल तर त्या गाडीच्या. पन्नासच्या दशकातली लांबलचक अमेरिकन गाडी. कुणी परदेशी साहेब देश सोडताना ती एका गोदामात टाकून गेला होता. कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्यात. मामासाहेबांनी ती ओढून आणली आणि कित्येक वर्षं शेडमध्ये खुर्ची टाकून तिला पहिल्यासारखी करवून घेतली. पत्रा, रंग, गाद्या, इंजिन, सगळं. काचा मूळच्याच, गडद हिरव्या, बाहेरून आतलं दिसू नये अशा. फक्त एक गोष्ट मेलेली राहिली होती, ती म्हणजे गाडी थंड करायचं यंत्र. त्या काळी ते डिकीत असे, अर्धी डिकी खाऊन बसलेलं, आणि मागच्या काचेशेजारच्या दोन पारदर्शक नळ्यांतून गार हवा छतापर्यंत जाऊन मागच्या सीटवर उतरायची. मामासाहेबांना त्यात रस नव्हता. "बंगळुरात देवानंच हवा थंड करून ठेवली आहे," असं ते म्हणत.

आऊसाहेबांनी विचार केला. गडद काचा पूर्ण वर असल्या तर पडद्यांची गरज नाही. पण काचा वर केल्या की आत कोंडतं, आणि त्यांचा दमा उफाळतो. दोनदा तसं होऊन त्यांना उचलून घरात आणावं लागलं होतं. गाडी आतून थंड झाली तर काचा वर राहतील, पडदे निघतील, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर लेक पोराला घेऊन उभी राहिली तर आतून दिसेल. बाहेरच्याला काही कळायचं नाही. हे सगळं त्यांनी मला वाटाणे सोलता सोलता सांगितलं. मी म्हटलं, मामासाहेबांना विचारणार कोण? त्या म्हणाल्या, "विचारायचं कशाला? टोचायचं."

मामासाहेबांचे दोन मित्र गाडी बघायला आले होते. मामासाहेब व्हरांड्यासमोर उभे राहून सांगत होते की आता सगळं अगदी पहिल्यासारखं झालं आहे. चिकाआड आऊसाहेब मला म्हणाल्या, पण आवाज असा की फाटकापर्यंत जावा, "पहिल्यासारखं कसं हो, सूनबाई? डिकीत एक मढं तसंच आहे की अजून. पाहुण्यांना म्हणावं, डिकी तेवढी उघडू नका." मित्र हसले. एकानं कुतूहलानं डिकी उघडलीच, आणि मग मामासाहेबांना त्या मेलेल्या यंत्राची सगळी कथा सांगत बसावं लागलं. त्यांचे कान लाल झालेले मी चिकातून बघितले. पुढच्याच आठवड्यात शिवाजीनगरहून जोसेफ आला.

जोसेफ हॉटेलांच्या बर्फखोल्या दुरुस्त करायचा. बोलण्यात भारी. आल्या आल्या म्हणाला, "अम्मा, ऐसा काम पूरे बैंगलोर में अपुन एकीच करता." आणि पहिल्याच दिवशी त्यानं एक नळी तोडून ठेवली. आऊसाहेब चिकाआडून म्हणाल्या, "एकीच आहेस हे बरं आहे. दोन असते तर गाडीच गेली असती." तो खो खो हसला. त्या घरात त्यांच्या बोलण्यावर मनापासून हसणारा तो एकटाच माणूस होता, आणि मला वाटतं, आऊसाहेबांना तो त्यामुळेच आवडायचा. कधीकधी त्या आम्हाला कळू न देता त्याच्यासाठी कॉफीत साखर जास्त घालायला सांगत.

काम मात्र लांबत गेलं. रबरी नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या बदलल्या. गॅस भरला, तर सकाळपर्यंत उडून गेला. साबणाचा फेस लावून बघितलं तेव्हा कळलं की गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इतकी वर्षं पडून राहिल्यानं त्याच्या दांड्याभोवतीचं सील सुकून चिरलं आहे, आणि गॅस तिथून निसटतो. तसलं सील इथं मिळणार कुठून? जोसेफनं बर्फखोलीच्या एका यंत्रातलं आणून घासून घासून बसवलं, ते दोनदा फुटलं. शेड चिकासमोरच होती. रोज आऊसाहेब चिकाआड पाट टाकून बसायच्या आणि कानांनी ते यंत्र बघायच्या. पट्टा कधी चिरकतो, फुसकन आवाज कुठं होतो, सगळं त्यांना कळायला लागलं. मी म्हणायचे, तुम्हाला दम लागतोय, आत चला. "स्वल्प थांबा," त्या म्हणायच्या, "आज तो खोटं बोलतोय की खरं, तेवढं ऐकून येते."

शेवटी एका कोरड्या, तापलेल्या दुपारी गार हवा आली. जोसेफनं फुलं वाहावीत तसा कागदाचा कपटा नळीच्या तोंडाशी धरला आणि तो फडफडला. आत परक्या माणसानं बसायचं नाही, म्हणून जोसेफला पाठ करून उभं केलं आणि गाडीत मला बसवण्यात आलं. माझे हात काकडले. जोसेफ म्हणाला, थंडी कमी-जास्त करायची कळ आहे, ती मध्यावर ठेवतो, तेवढी पुरे. आऊसाहेब चिकाआडून म्हणाल्या, "मध्यावर नको. शेवटपर्यंत ओढ आणि तारेनं बांधून टाक." तो म्हणाला, "बहोत ठंडा होएंगा, अम्मा." त्या म्हणाल्या, "होऊ दे. जरा जरी उकडलं तरी काच खाली करायला लागेल, आणि काच खाली आली की पडदे परत. बांध." त्यानं तारेचे दोन वेढे मारून कळ बांधली.

पडद्यांची परवानगीही त्यांनी टोचूनच मिळवली. "साहेबाची गाडी म्हणतात, आणि खिडक्यांना टांग्याचे पडदे," असं त्या दोन दिवस भिंतींना सांगत होत्या. मामासाहेबांनी मला परत गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि स्वतः चारही बाजूंनी फिरून डोळे बारीक करून आत बघितलं. मग म्हणाले, "दिसत नाही. काढा पडदे. काच खाली आली तर मात्र परत लागतील." ड्रायव्हर आणि आमच्यामधला जाड पडदा तेवढा राहिला, तो निघणं शक्यच नव्हतं. हे सगळं इतक्या सहज झालं याची मला तेव्हा शंका यायला हवी होती. पण आऊसाहेबांनाच आली नाही, तिथं माझी काय कथा? पहिली फेरी कधी काढायची ते मामासाहेबांनी ठरवलं. ज्येष्ठ गेला, आषाढ अशुभ म्हणून गेला. श्रावणातला पहिला शुक्रवार नक्की झाला आणि हूवक्कानं बसवनगुडीत निरोप पोचवला.

त्या सकाळी आऊसाहेबांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं. मी म्हटलं, "आऊसाहेब, काचेतून तुम्ही तिला दिसणार नाही." त्या म्हणाल्या, "मी दिसणार नाही, पण ती मला दिसणार आहे ना? आपण कुणाला बघायला जातो तेव्हा नटतो." निऱ्या त्यांना जमेनात, त्या मी करून दिल्या. त्यावर त्यांनी माझ्या निऱ्यांनाही नाव ठेवलं.

पाऊस नुकताच थांबला होता. हवा ओलीचिंब, रस्ता ओला. पुढे ड्रायव्हर सिद्दप्पा आणि मामासाहेब, मध्ये पडदा, मागे आम्ही दोघी. यंत्र सुरू झालं आणि वरून अशी गार हवा उतरली की मी पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळला. आऊसाहेबांचा श्वास अगदी सरळ चालला होता. त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या, लहान मुलासारख्या. चामराजपेठेची दुकानं दिसली, एक सायकलवाला दिसला, त्याला उद्देशून त्या काहीतरी म्हणाल्यासुद्धा. आणि मग दुकानं पुसट झाली.

"सूनबाई, काच पुसा."

मी पदरानं पुसली. काही फरक पडला नाही. त्यांनी तळव्यानं पुसली. मग मला कळलं: काच आतून कोरडीच होती. गार काचेवर बाहेरच्या ओल्या हवेचं दहिवर धरलं होतं, बाहेरच्या अंगाला. बघता बघता माझ्या बाजूची काच पांढरी झाली, त्यांच्याही बाजूची, मागचीही. तारेनं बांधलेली कळ पुढे होती, पडद्यापलीकडे. आम्ही दोघी पांढऱ्या डब्यात बसल्यासारख्या बसलो होतो.

आऊसाहेबांनी काच खाली करायच्या दांडीवर हात ठेवला. तेवढ्यात पुढून मामासाहेबांचा आवाज आला, नेहमीचा, मृदू. "सिद्दप्पा, निधान. हळू घे." गाडी हळू झाली. त्यांच्यासमोरची काच पुसायला वायपर होता. त्याची टकटक आम्हाला ऐकू येत होती.

"कोपऱ्यावर कुणी बाई उभी आहे," मामासाहेब म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसे. "कडेवर पोर आहे." मग म्हणाले, "काचा वर आहेत ना मागे? पडदे नाहीत आज."

दांडीवरचा हात तसाच राहिला. मी मनात ओरडत होते, फिरवा, आऊसाहेब, फिरवा ती दांडी, काय होईल फार तर! पण तीस वर्षं त्या माणसासमोर ज्या हातानं चौकट मोडली नव्हती तो हात फिरला नाही. गाडी जवळजवळ थांबली होती. लेक हाताच्या अंतरावर असणार. आऊसाहेबांनी हात मांडीवर घेतला आणि पडद्याकडे तोंड करून, मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात, विनवून विचारलं, "पोर कुणासारखं आहे?"

वायपर दोनतीनदा इकडून तिकडे गेला.

"लक्ष दिलं नाही," मामासाहेब म्हणाले. "सिद्दप्पा, चल."

देवळाच्या आवारात गाडी उन्हात उभी राहिली तेव्हा काचा आपोआप निवळल्या, पाण्याचे ओघळ गेले, आणि हिरवी स्वच्छ काच राहिली. आऊसाहेबांनी लिंबाचे दिवे लावले. त्यांच्या वाती सरळ जळत होत्या. परत येताना मामासाहेबांनी दुसरा रस्ता घेतला.

आषाढात एकदा मामासाहेबांनी फक्त सिद्दप्पाला घेऊन गाडी काढली होती, ओल्या हवेत, यंत्र पूर्ण चालू ठेवून. हे सिद्दप्पानं मागाहून हूवक्काला सांगितलं आणि हूवक्कानं आम्हाला. काचा पांढऱ्या झालेल्या बघून ते खाली उतरले, बोटानं काचेवर एक रेघ ओढली, हसले आणि म्हणाले, "श्रावणात नेऊ." फुलवाल्या बाईच्या येण्याजाण्याचा अर्थ त्यांना पहिल्यापासून कळत असणार. आऊसाहेबांनी हे ऐकून घेतलं. "त्यांना माझ्यापेक्षा गाडी जास्त कळते," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "कळ मीच बांधायला लावली." गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी रीत आहे. मला ती पाळता येत नाही. त्या रेघेबद्दल मी मामासाहेबांना अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

आठवड्यानं जोसेफ कौतुक ऐकायला आला. आऊसाहेब चिकाआडून म्हणाल्या, "उत्तम केलंस बाबा. इतकी थंड की मेलेलं माणूससुद्धा आठवडाभर टिकेल." तो खो खो हसला. त्या महिन्यातच मामासाहेबांनी यंत्राचा पट्टा काढून टाकला; इंजिनाचा आवाज बिघडतो म्हणाले. पडदे परत आले.

कार्तिकात ते पोर घटसर्पानं गेलं. हूवक्का मागच्या दाराशी टोपली ठेवून रडत राहिली. आऊसाहेब तिला म्हणाल्या, "आज फुलं नकोत, जा." त्या रडल्या नाहीत. आमटीत मीठ जास्त झाल्यावरून त्यांनी स्वयंपाकिणीला असं फाडून खाल्लं की ती काम सोडून गेली. मला त्यांचा तिटकारा आला. मग भर दुपारी न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. थंडीचे दिवस, दम्याची बाई, आणि गार पाण्यानं डोक्यावरून आंघोळ. मी धावले, तर ओल्या केसांनी बाहेर येत म्हणाल्या, "उकडत होतं." मामासाहेब समोरच बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. नातवाचं सूतक त्या घरात तेवढंच पाळलं गेलं.

त्या आंघोळीनं जो दमा धरला तो सुटला नाही. मामासाहेब पुढच्या वर्षी गेले, शेडमधल्या खुर्चीत, गाडीकडे बघत बघत, कसलाही त्रास न होता. मला तेही आवडलं नाही. दिवस झाल्यावर माझे यजमान स्वतः बसवनगुडीला जाऊन ताईसाहेबांना घेऊन आले. तोवर आऊसाहेब अंथरुणाला खिळल्या होत्या. लेक दारात उभी राहिली. इतक्या वर्षांनी, आणि त्या काय म्हणाल्या? "केस किती पिकले! मास्तर तेल आणत नाही वाटतं."

ताईसाहेब हसल्या आणि त्यांच्या उशाशी बसून रडायला लागल्या. खूप वेळानं म्हणाल्या, "आऊ, त्याचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. जावळाच्या आधी फोटो काढायचा नाही, हे तुमच्याच घरून शिकून गेले होते. पण तुम्ही त्याला बघितलंत ना त्या दिवशी? गाडी थांबली होती माझ्यासमोर. मी त्याला उंच धरला होता. काचेतून काही दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं, तुम्ही बघताय. तेवढ्यावर मी जगले, आऊ."

मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले. या बाईनं जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द उच्चारला नव्हता.

"बघितलं तर," आऊसाहेब म्हणाल्या. "नकटं होतं."

ताईसाहेबांनी झटकन डोळे पुसले. "नकटा? नाही हं! नाक सरळ होतं त्याचं, थेट तुमचं!"

"काय की. कान मात्र सुपासारखे."

"कान छोटे होते, आऊ. डाव्या कानाच्या पाळीला तीळ होता. तुम्हाला तो कसा दिसणार गाडीतून?"

"आणि रड्या. तोंड वाकडं करून बसला होता."

"रडत नव्हता तो! गाडी बघून टाळ्या वाजवत होता. हसला की एकाच गालाला खळी पडायची."

आऊसाहेबांना बोलताना धाप लागत होती. मी त्यांना थांबवायला पुढे झाले, तर त्यांनी डोळ्यांनी मला मागे सारलं. श्वास जमवला आणि म्हणाल्या, "शिवाय काळा."

"काळा नव्हता, आऊ," ताईसाहेब रडत रडत भांडत होत्या, "गव्हाळ होता. अगदी तुमच्या हातासारखा."

आऊसाहेबांनी पांघरुणातून आपला हात बाहेर काढला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.